दोर धरणारा

पडद्यावरचं चित्र थिजलं, तसा टाकीवाल्यानं खटका पुढे रेटला, मग मागे. खाली तेलाच्या टाकीत सफाईचा रोबो नुसता गुरगुरला, गाळात आणखी रुतला. मग गुरगुरणंही बंद झालं.

"जावईबापू रुसले वाटतं," तो म्हणाला. हसायला जवळ कुणी नव्हतं.

हे नाव त्यानंच ठेवलं होतं. रोज आंघोळ, सावलीत मुक्काम, अंगावर ताडपत्रीचं पांघरूण. घरच्या माणसाचे एवढे लाड कोण करतं? पण रोबो आला आणि टाकीवाल्याचं टाकीत उतरणं थांबलं. एकोणीस वर्षांचा वास आत्ता कुठे केसांतून निघाला होता. "आता माणसासारखा वास येतो तुम्हाला," बायको म्हणायची.

सुपरवायझर आला. वाकून काळोखात पाहिलं.

"मामा, नुसता त्याला आकडा अडकवून यायचं, वर ओढायला. पाच मिनिटं."

"आत वायू साचलाय, साहेब. म्हणूनच तर हा आणला."

"मास्क आहे ना? हे मशीन गेलं तर दुसरं येत नाही. मग चालवणारा तरी कशाला ठेवतील?"

टाकीवाल्यानं खुंटीवरचा मास्क काढला. वर्षभरात रबराला चिरा पडल्या होत्या. त्यानं तो बाहीनं पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. घरात कमावता तो एकटा.

"दोर मी धरतो," सुपरवायझर म्हणाला.

"तुम्ही नाही चालायचे."

टाकीवाल्यांची जुनी रीत होती, दोर बायकोच्या भावानं धरायचा. सख्खा भाऊसुद्धा कधी मनात अढी धरून असेल, पण बहिणीचा संसार हातात असला की मेहुण्याची मूठ सुटत नाही, असं सगळे मानत. रोबो आला, दोर गुंडाळून ठेवला गेला, आणि मेहुण्याला फाटकावर पहाऱ्याला बसवलं. सुपरवायझरनं फोन करून त्याला बोलावून घेतलं.

मेहुणा आला. झाकणाशी वाकला, वास येताच तोंड फिरवलं. मग त्यानं दाजींच्या कमरेला दोर बांधला, गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली.

"ताईला ठाऊक आहे?"

"तिला सांगू नकोस."

"मी कशाला सांगतोय?"

टाकीवाल्यानं मास्क चढवला. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीकडे पाय नेला तर दोर ताणला गेला. वीतभरही पुढे येईना. त्यानं मान वळवली. मेहुण्यानं दोराचे वेढे लोखंडी कठड्याला घातले होते, आणि तो दूर फाटकाकडे बघत होता.

"सैल सोड रे." मास्कमध्ये आवाज घुमला.

"अरे, सोड की," सुपरवायझर म्हणाला. "दोर धरायला बोलावलंय तुला."

"धरलाय ना, साहेब," मेहुणा म्हणाला आणि त्यानं कठड्याला आणखी एक वेढा घातला.