पडद्यापलीकडचा होडीवाला

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. शारजात, रोला भागातल्या एका इमारतीत, एका खोलीच्या मधोमध बांधलेल्या तारेवर मी लटकतो. माझ्या अलीकडे एक संसार, पलीकडे दुसरा. भिंत म्हणावं तर वाऱ्यानं हलतो, दार म्हणावं तर मला कडी नाही. पण इथल्या गरिबांची अब्रू माझ्यासारख्यांच्याच भरवशावर झाकलेली असते.

माझा जन्म इचलकरंजीच्या मागावरचा. कापड जाडजूड, रंग मोरपंखी. संगमेश्वराजवळच्या एका खेड्यातल्या देवळानं मला विकत घेतलं आणि कीर्तनात बुवांच्या पाठीमागे टांगलं. काय ते दिवस! झांज वाजायची, पेटीचा सूर लागायचा आणि उत्तररंगात बुवा आख्यान असं रंगवायचे, की पार शेवटच्या खांबाला टेकलेली म्हातारीसुद्धा पदर डोळ्यांना लावायची. त्या आवाजानं माझा धागा न् धागा थरथरायचा. माझ्या काठाला बुक्क्याचा वास लागला तो तेव्हाच.

पुढे देवळात नवा चकचकीत पडदा आला आणि मी अडगळीत गेलो. देवळाची झाडलोट करणाऱ्या नर्मदाबाईंनी मला मागून घेतलं. त्यांची लेक वैभवी नवऱ्याकडे शारजाला निघाली, तेव्हा कोकमाच्या आगळाच्या बाटल्या माझ्यात गुंडाळल्या. असा मी समुद्र ओलांडला, बाटल्यांचा खणखणाट ऐकत!

इथे माझ्या अलीकडे वैभवी, एसीचे डक्ट बसवणारा तिचा नवरा सुदेश आणि त्यांची आठ वर्षांची प्रज्ञा. पलीकडे दाभोळचे खैरुद्दीनचाचा आणि त्यांची बायको मरियमबी. चाचा रात्रभर बेकरीत खुबूस म्हणजे इथली रोटी भाजायचे आणि दिवसा झोपायचे. म्हणून खोलीचा एकच नियम होता. दिवसा आवाज नाही.

प्रज्ञा शाळेतून आली की वैभवी ओठांवर बोट ठेवायची. पोरगी इतकी गुणी, की पुढे बोट ठेवायचीही गरज उरली नाही. पाढे ओठांतल्या ओठांत. हसू आलंच तर माझं टोक दातांत धरायची. "किती शहाणी! घरात मूल आहे हे कळतसुद्धा नाही," असं जो तो म्हणे. माझंही कौतुक होई, "पडदा जाड आहे हो!" त्या कौतुकानं आम्ही दोघं फुलून जायचो.

मग एके दिवशी शाळेनं वैभवीला बोलावलं. ती परत आली ती चेहरा पाडूनच.

"टीचर म्हणाल्या, हिचा आवाजच कधी ऐकला नाही," ती सुदेशला कुजबुजत सांगू लागली. "लिहिते छान, पण काही विचारलं की मान खाली. पुढच्या आठवड्यात ओरल आहे. वर्गासमोर गोष्ट सांगायची, लास्ट बेंचला ऐकू गेली पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा ह्याच वर्गात."

"घरात तर बोलते की. परवा कानात मला गुड नाइट म्हणाली."

"कानात, सुदेश! कानात. आपणच तोंड दाबून ठेवलंय पोरीचं."

तेव्हा वैभवीला एक गोष्ट आठवली. ती बुवांनी सांगितली तेव्हा मी त्यांच्या पाठीशीच होतो. खाडीकाठी एक मुलगी. संध्याकाळ झालेली, धुकं दाटलेलं, आई पलीकडे आणि होडीही पलीकडे. तिनं 'कू' करून लांब कुकारा घातला तरच होडीवाला येणार. बुवा म्हणायचे, "देव काही बहिरा नाही रे, पण लेकराची हाक त्याला लेकराच्याच गळ्यातून ऐकायची असते."

वैभवीनं ती गोष्ट ओरलसाठी प्रज्ञाला शिकवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी प्रज्ञा माझ्यापुढे उभी राहिली. "अँड द गर्ल कॉल्ड... कू." डास गुणगुणावा, तसं.

पलीकडे खाट करकरली. "सॉरी हां चाचा, झोपमोड झाली," वैभवी घाईघाईनं म्हणाली.

"झोपमोड? ह्या कुकाऱ्यानं आमच्या खाडीतला मच्छर पण उठायचा नाय! पोरी, अशी होडी येत नसते."

"चाचा, इट्स ओन्ली प्रॅक्टिस."

"मग कर ना प्रॅक्टिस! मी इकडचा होडीवाला. ऐकू आलं तर 'हं' म्हणेन. नाय आलं तर होडी बांधलेली. चल, यल्ला!"

"अहो, झोपा जरा," मरियमबी करवादल्या. "भट्टीपुढे डुलक्या काढाल आणि हात भाजून घ्याल."

"होडीवाला झोपला तर पोर पलीकडे जाणार कशी?"

मग रोज दुपारी हाच खेळ. पहिल्या दिवशी तिच्या श्वासानं मी हललोसुद्धा नाही. हळूहळू माझी चुणी थरथरू लागली. आणि एका दुपारी पलीकडून आवाज आला, "हं!" प्रज्ञा खळखळून हसली. माझं टोक दातांत न धरता! चाचा म्हणाले, "अर्ध्या खाडीत आलो बघ. आता होडी गाळात रुतली. अजून जोरात!"

पण मरियमबींचे शब्द खरे ठरले. एका सकाळी चाचा हाताला पट्टी बांधून आले. वैभवीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आता पुरे, चाचा. तुम्ही झोपा."

"गावात कीर्तनाला मी पण बसायचो, शेंगदाणे खात," चाचा म्हणाले. "ऐकणारा मधेच उठून गेला, तर सांगणाऱ्यानं काय करायचं गो?"

ओरलचा दिवस उजाडला. दुपारी प्रज्ञा घरी आली. चाचा गाढ झोपलेले. "काय झालं?" वैभवीनं नुसत्या ओठांनी विचारलं.

प्रज्ञानं दप्तर ठेवलं. माझ्यापुढे उभी राहिली. छाती भरून श्वास घेतला आणि...

"कूऽऽऽऽऽ!"

मी तारेवर असा थरथरलो, जसा देवळात थरथरायचो. शेजारच्या खोलीतून कुणी तरी "क्या हुआ, क्या हुआ" करत दाराशी आलं. आणि पलीकडून झोपेतच आवाज आला, "आलो गो, आलोऽऽ!"

पट्टी बांधलेल्या हातानं मला कुणी तरी बाजूला सारलं.

"लास्ट बेंचला ऐकू गेलं?"

"चाचा, प्यूनअंकल केम रनिंग! अँड आय ॲम गोइंग टू फोर्थ!"

मित्रांनो, आता मी विरलो आहे. मध्यभागी उसवलो आहे. मला टाका घाला, उन्हात वाळवा, एवढीच माझी मागणी. पण त्याआधी एक काम करा. तुमच्या वर्गात, तुमच्या जिन्यात एखादं गप्प मूल असेल, तर गुणी आहे म्हणून त्याला सोडून देऊ नका. त्याच्यासमोर बसा आणि "हं" म्हणा. हाकेला पलीकडे कुणी तरी लागतं.

हल्ली चाचांची झोप झाली की संध्याकाळी मला बाजूला सारून चिमट्यानं अडकवतात. खोली जरा वेळ एकच होते. पोरगी मोठ्यानं वाचते, पलीकडून "हं" येतो आणि माझ्या काठातला बुक्का पुन्हा दरवळतो.