पिवळी रेघ

पिवळ्या रंगाचा छोटा डबा. झाकण असं चिकटलेलं, की आता छिन्नीच लागेल.

रात्रपाळीहून आलेल्या माणसाला चहा विचारू नये, आधी अंथरूण विचारावं. असं आई म्हणायची.

लोखंडाच्या कडीवर दोन बाजूंनी दोन हातोडे एकदम मारले, की कडी क्षणभर लंबगोल होते. डोळ्यांना दिसत नाही. पण होते.

"ज्यानं जगाची स्टिअरिंगं आवळली, त्याचंच सुटलं." हे वाक्य मयत घरात असतानाच कुणीतरी बोललं.

काका बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसत नाहीत.

*

तर काका शेडमध्ये पोचले तेव्हा गाडी पुढून उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली होती, आणि पुतणीचे फक्त पाय दिसत होते.

"आलास का?" पाय म्हणाले. "बूट काढ. ऑइल सांडलंय. घसरलास तर मला तुझ्याही हाडांचं काम बघावं लागेल."

शेड थोरल्या भावाची. तो गेल्यावर वहिनींनी चालवली, आता त्यांची लेक चालवते. गाडीही भावाचीच: जुनी, गोल दिव्यांची, दारं उघडताना म्हातारीसारखी कण्हणारी. अपघातापासून ती मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली पडून होती. यंदा पोरीने हट्ट धरला, बाबांची गाडी रस्त्यावर आणायचीच. त्यासाठी आधी वाकलेलं स्टिअरिंग मुळासकट उतरवायला हवं, आणि त्याला माणसं दोन लागतात.

"काका, तूच ये," ती फोनवर म्हणाली होती. "तुझ्याइतका रिकामा माणूस माझ्या ओळखीत नाही."

वहिनी खिडकीपाशी बाकावर बसून जुनी बेअरिंगं रॉकेलमध्ये धूत होत्या. त्यांनी मान वर केली.

"भावजी, पाणी पिऊन घ्या. ती एकदा जुंपली की सोडत नाही. बापावर गेलीय."

काका पाणी प्यायले.

*

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, म्हणजे पुढचं कळेल.

त्या पहाटे काका छापखान्यातली रात्रपाळी उरकून बाहेर आले, तर दारात भाऊ गाडी घेऊन उभा. दोघांना लांब जायचं होतं. थोडं पुढे गेल्यावर भाऊ म्हणाला, "तू घे जरा. माझी पाठ धरलीय." काकांनी चाक हातात घेतलं. त्यानंतर त्यांना आठवतो तो थेट पुलाचा कठडा. भाऊ जागीच गेला. शुद्धीवर आल्यावर कुणीतरी विचारलं, काय झालं हो? त्यांच्या तोंडून निघालं, "चाक फिरवलं, पण गाडी वळलीच नाही."

ते खरं होतं की झोपेतलं, हे त्यांना त्या दिवशीही ठाऊक नव्हतं. आजही नाही. पण शब्द बाहेर पडला आणि लोकांनी तो झेलला. स्टिअरिंगचा खालचा नट सैल राहिला असणार, चाकं वळवणारा आर्म दात्यांवरून घसरला असणार, मेकॅनिकच्या घरचीच गाडी, दिव्याखाली अंधार. गिऱ्हाइकं पातळ झाली. वहिनींनी ती कशी परत जमवली, ते त्यांचं त्यांना माहीत.

आणि भावाची एक रीत होती. स्टिअरिंगचा किंवा ब्रेकचा नट आवळून झाला, की तो बारीक कुंचल्याने त्यावर पिवळी रेघ ओढायचा. नटावरून निघून खालच्या लोखंडावर उतरणारी एकच रेघ. नट केसभर जरी फिरला, तरी रेघ मधोमध तुटून दिसायची.

"रेघ जुळली तर मला झोप लागते," तो म्हणायचा.

म्हणजे हिशेब सरळ होता. खालच्या नटावरची रेघ तुटलेली असेल, तर भावाचं काम कच्चं होतं. सलग असेल, तर काका झोपले होते.

गाडीला त्यानंतर कुणी हात लावला नव्हता. निदान काकांना तसंच वाटत होतं.

*

आधी वरचं, स्टिअरिंगचं चाक. नट सुटला, पण चाक दांड्याच्या दात्यांना जळवेसारखं धरून बसलेलं. काका नट पुरता काढायला गेले, तशा वहिनी बाकावरून ओरडल्या.

"राहू द्या तो! दोन आटे ठेवा. सुटताना चाक तोंडावर येतं. ह्यांचा पुढचा दात कशाने गेला होता, विसरलात?"

"तुम्हीच पाडलात असं तो सांगायचा."

"सांगेल नाही तर काय."

पुतणी हसली. चाक ओढून काढायचा पुलर लावला, आवळत गेले, आवळत गेले, चाक ढिम्म. मग आत खोल कुठेतरी कडकन आवाज झाला आणि चाक उसळून त्या दोन आट्यांवर अडलं. उरलेले आटे सोडवल्यावर काकांच्या हातात ते चाक आलं. त्यांनी ते पटकन जमिनीवर ठेवलं, गरम भांडं ठेवावं तसं.

मग खालचे सांधे. दोघं गाडीखाली समोरासमोर आडवी झाली, एकेक हातोडा घेऊन.

"एक, दोन, हाण!"

काही नाही.

"काका, जोर लाव की जरा. भजनात झांज वाजवतोयस का?"

"एक, दोन, हाण!"

लोखंड हलायला तयार नव्हतं. प्रत्येक घावाबरोबर काकांच्या मनात तेच फिरत होतं. एवढं घट्ट? मग सैल कधी होतं? लगेच दुसरं मन म्हणायचं, अरे, गंज आहे हा. वीसेक वर्षांचा गंज सैल असलेल्यालाही घट्ट करतो. हे काही बोलत नाही. बोलेल ती रेघच.

सांधा सुटला तेव्हा दोघांच्याही भुवयांवर गंजाची पूड बसली होती. "म्हातारा झालास," पुतणी म्हणाली. तिच्याही भुवया पिंगट झाल्या होत्या.

*

उरला तो खालचा नट.

त्यावर ग्रीसचा गोळा होता. वाळून काळा, चिवट, वर धुळीचा थर. पुतणी मोठा पाना शोधायला उठली. "तोवर एवढं साफ कर," म्हणून तिने तारेचा ब्रश त्यांच्या हातात दिला. "पण हे ग्रीस इथे थापलं कुणी? बाबा तर नटाला ग्रीस लागू द्यायचे नाहीत. आई, तू लावलंस?"

वहिनींच्या हातातलं बेअरिंग रॉकेलमध्ये पडलं. त्या ते चाचपत राहिल्या.

काकांनी आधी चिंधीनेच पुसलं. एक थर. दुसरा थर. ग्रीसखालचं लोखंड कोरं राहिलं होतं, जणू काल आवळलेलं. मग पिवळा ठिपका दिसला. ठिपक्याची रेघ झाली. नटाच्या माथ्यावरून निघून, कडेवरून उतरून, खालच्या आर्मवर बोटभर गेलेली.

कुठेही तुटलेली नव्हती.

शेडमध्ये फक्त पान्यांचा खणखणाट येत होता, पुतणी खोके उपसत होती. तिची पाठ होती. काकांच्या उजव्या हातात तारेचा ब्रश होता. दोन हात मारले असते तर रंग उडाला असता, साफच तर करायला सांगितलं होतं. कुणी विचारलंही नसतं.

शेवटी त्यांनी ब्रश बाजूला सरकवला.

"पोरी," ते म्हणाले. खणखणाटात तिला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, "पोरी, इकडे ये. बॅटरी घेऊन ये."

ती शेजारी येऊन आडवी झाली. उजेड नटावर पडला. ती मेकॅनिकची पोर, तिला वाचायला वेळ लागला नाही.

"तुझ्या बापाचं काम घट्ट होतं," काका म्हणाले. "मी झोपलो होतो."

तिने बॅटरी विझवली नाही. त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने बोट पुढे करून रेघेवरून एकदा फिरवलं, वरून खाली.

मग गाडीच्या कडेला वहिनींची पावलं दिसली. जुन्या चपला, रॉकेलचे डाग. त्या गुडघे धरत खाली बसल्या.

"भावजी."

काकांनी मान वळवली.

"पाना लावा. मी पाइप अडकवते. एकट्याने नाही सुटायचा तो."

पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला, आणि तिघांनी मिळून तो खाली दाबला. नट आधी किंचाळला, मग फिरला. रेघेचे दोन तुकडे झाले.

*

अपघात झाला त्याच आठवड्यात वहिनी कंदील घेऊन एकट्याच गाडीखाली शिरल्या होत्या, आणि बाहेर येण्याआधी ती सलग रेघ झाकली जावी म्हणून त्यांनी त्या नटावर मूठभर ग्रीस थापलं होतं.