आधी पाण्यात ठेवा

‘मी एक जुना दगड आहे’ असं म्हणून सुरुवात करायची रीत आहे. मी तसं म्हणणार नाही. मित्रांनो, तुमच्या भाषेत दगडाची आधीच पुरेशी बदनामी झाली आहे. गणित चुकलं की डोक्यात दगड भरलेत, कुणाला दया आली नाही की काळजाचा दगड झाला. मी समुद्राच्या तळाशी प्रवाळाच्या सांगाड्यांवर सांगाडे चढत तयार झालो, आणि माझ्या अंगावर बोटभर जागा रिकामी नव्हती. गुलाबी पापुद्रे, स्पंज, नळीत राहणारे किडे, आणि एका बिळात एक खेकडा. हा भाडेकरू फार तापट. माझ्यासारखाच.

मला समुद्रातून उचलायला बंदी आहे. ती माणसांनीच घातली, आणि उशिरा का होईना, शहाणपणा केला. काचेच्या टाकीत ठेवायला असे दगड हवे असतील, तर परवाना घेऊन स्वतःचे सिमेंटचे ठोकळे समुद्रात ठेवायचे. त्यांच्यावर वस्ती व्हायची वाट पाहायची आणि मग फक्त तेवढेच काढायचे. प्रत्येक ठोकळ्याच्या सपाट तळाला क्रमांक आणि तारखेची पट्टी असते.

शहरातल्या एका दुकानदारासाठी एका पाणबुड्याने माझ्या शेजारीच असे ठोकळे ठेवले होते. दोन वर्षं झाली तरी ते टकलेच राहिले. आम्ही तर शेकडो वर्षांचे, पण पाणबुड्याला कुठला धीर! एका सकाळी तो पहार घेऊन आला आणि ठोकळे सोडून त्याने मलाच उचकटलं. माझा खालचा भाग तिथेच राहिला. दुखलं का म्हणून विचाराल, तर हो, दुखलं. ओल्या कागदात गुंडाळून मला शहरात आणलं. माझे अर्धे भाडेकरू वाटेतच मेले, आणि त्यांचा वास सुटल्यावर पाणबुड्यानेच नाक दाबलं.

त्या दुकानदाराच्या रंगीत माशांच्या दुकानात माझी रवानगी झाली. दुकानदाराने माझ्या तुटलेल्या बाजूला सिमेंटचा गिलावा फासला आणि त्यावर पाणबुड्याने काढून आणलेली एका टकल्या ठोकळ्याची पट्टी चिकटवली. बाहेर पाटी होती, ‘जिवंत दगड मिळतील’, म्हणजे माझ्यासारखे, अंगावर जीव वस्तीला असलेले. कुणी गिऱ्हाईक बोट लावायला गेलं की तो ओरडायचा, “अहो, हळू! जिवंत आहे तो!”

टाक्या सांभाळायची त्याची धाकटी बहीण. दुकानदाराची मुलगी तिला आत्या म्हणायची, म्हणून सगळी गल्लीच तिला आत्या म्हणायची. जुन्या टूथब्रशने ती माझ्या खाचाखोचांतला मेलेला स्पंज काढायची आणि पुटपुटायची, “गेलं ते जाऊ दे, बाबा. राहिलंय ते धरून ठेव.” मी धरून ठेवलं. माझ्या तळाच्या पट्टीवर तिचा विश्वास होता, कारण भावावर होता.

मग एक दिवस तपासनीस बाई आल्या. त्यांनी मला पाण्यातून काढून पालथं केलं, पट्टीवरची तारीख वाचली आणि गिलाव्याचा कोपरा नखाने खरवडला. आतली पांढरी जखम उघडी पडली.

“हा ठेवून वाढवलेला नाही. तोडून आणलाय,” बाई म्हणाल्या.

“अहो मॅडम, दगडाला कसला आलाय कायदा? रस्त्यावर ढिगाने पडलेत!”

“पाटीवर जिवंत लिहिलंय तुम्ही.”

“ती आपली बोलायची पद्धत हो. मेलेलाच आहे तो. हे बघा, ठेवतो इथेच. संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळेल. शोभेचा दगड म्हणून विकीन, मग तर झालं?”

त्याने मला पंख्याखाली टेबलावर ठेवलं. अंगावरचं पाणी टपटप गळायला लागलं. मित्रांनो, मी घाबरलो, पण त्याहून जास्त संतापलो. खेकडा बिळाच्या तोंडाशी आला आणि दुकानदाराकडे बघून त्याने नांगी उगारली. त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आत्या खाऱ्या पाण्याची बादली घेऊन आली. पाहुण्या बाई कोण, हे तिला ठाऊक नव्हतं.

“अरे दादा, हे काय चाललंय? आधी पाण्यात ठेव त्याला! मरेल ना तो!”



“मेलेला परत कसा मरेल हो?” बाईंनी दुकानदाराला विचारलं.

आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. आणि तो धोंडा मी होतो, याचा मला आजही अभिमान आहे.

“गप्प बसता येत नाही तुला?” दुकानदार बहिणीवर खेकसला.

आत्याने सुटलेला गिलावा पाहिला. “आपल्याच ठोकळ्यांतला म्हणाला होतास ना तू?” तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि बादलीत सोडलं. “माझ्यावर राग धर हवा तर. हा बाहेर राहणार नाही.”

बाईंनी मला जप्त केलं आणि दुकानावरची ती पाटी उतरली. मी मात्र घरी गेलो नाही. दुकानाच्या पाण्यातला रोग समुद्रात जाईल म्हणून मला परत सोडता येत नाही. आता मी सरकारी मत्स्यालयातल्या टाकीत आहे. माझं घर माणसांनी फोडलं आणि परतीची वाटही माणसांनीच बंद केली, हे मी विसरलेलो नाही. आत्या कधीकधी भाचीला घेऊन येते आणि काचेला नाक लावून मला बघते. जखमेवर नखाएवढा गुलाबी पापुद्रा धरलाय, तो आधी तिलाच दिसला.

मित्रांनो, टाकीसाठी कुणी तुमच्यासमोर माझा एखादा भाऊ ठेवला, तर त्याला पालथा करून बघा. पट्टी वाचा आणि पट्टीखालीही बघा. तो तोडून आणलेला असेल तर दुकानदाराला तोंडावर सांगा, नको म्हणून. मग मला खुशाल दगड म्हणा.

पण आधी पाण्यात ठेवा.