मांडीचा दुसरा तुकडा

माझा दीर घरात आला की आधी नवऱ्याच्या मांडीकडे बघतो, चेहऱ्याकडे नंतर. संशोधक आहे ना. नवरा वायरमन होता. आधी फरशीवरून हात टेकल्याशिवाय उठता येईना, मग पायांतली ताकद गेली तशी शिडी सुटली, आणि तेव्हापासून तो सख्ख्या भावासाठी अभ्यासाचा नमुना झाला. गेल्या वर्षी तपासणीसाठी याच्या मांडीतून स्नायूचा तुकडा काढून नेला. जखम चिघळली, महिनाभर ड्रेसिंग मी केलं. साहेब फिरकलेसुद्धा नाहीत.

आज पुन्हा तुकडा हवा म्हणून संमतीचा कागद घेऊन हजर. मी चहासुद्धा विचारला नाही.

त्याने नेहमीचं पुराण लावलं. स्नायूच्या पेशीच्या आवरणात एक प्रथिन असतं, आवरण फाटलं की ते ठिगळ लावतं. दादाच्या जनुकात बिघाड आहे, म्हणून ते बनतच नाही. हे आता रक्तातूनही कळतं, प्रथिन असेल तर तपासणीच्या पट्टीवर काळी रेघ उमटते. पण घोळ झालाय. दादाची रेघ आली नाही ते ठीक, पण तुलनेला निरोगी माणूस म्हणून त्याने स्वतःचं रक्त तपासणीला लावलं होतं, त्याचीही आली नाही. तेव्हा रक्ताची तपासणी बेभरवशाची, स्नायूच हवा.

"म्हणजे तुमचा घोळ निस्तरायला यांची मांडी कापायची?" मी म्हणाले. "लाज कशी वाटत नाही, भावोजी?"

"वहिनी, तुम्हाला यातलं कळत नाही."

नवऱ्याने विचारलं, आणखी कुणाचं रक्त होतं का. लॅबमधल्या एका मुलीचं होतं, दीर म्हणाला. तिची रेघ आली, चांगली ठसठशीत. पुन्हा करून बघितलं, तरी तेच.

एवढं बोलूनही त्याच्या काही लक्षात आलं नाही, किंवा त्याला येऊ द्यायचं नव्हतं. माझ्या मात्र आलं, आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर बरं वाटलं. मग मी दिराच्या पायांकडे बघितलं.

नवऱ्याने माझ्याकडे पेन मागितलं. "सही करतो," तो भावाला म्हणाला. "आधी तू खाली फरशीवर बस आणि हात न टेकता उठून दाखव."

"काहीतरीच काय, दादा."

"एकदाच. उठलास की लगेच सही."

मी खुर्ची सरकवून जागा करून दिली. दीर फरशीकडे बघत राहिला. त्या सहीसाठीच तर आला होता, पण खाली बसला नाही.