ओकादा साहेबाचं जेवण

मानवतच्या जिनात रुई खरेदीला येणाऱ्या ओकादा साहेबाच्या हाताखाली राहून वालूरचा भुजंग दोन हंगामांत जपानी बोलायला शिकला. गावाने त्याची यथेच्छ टिंगल केली. हा जपानीत पुटपुटायला लागला की बैलसुद्धा पाणी प्यायचे थांबतात, असं लोक पारावर सांगत. टिंगल करणाऱ्यांचं काय जातं! पण साहेबाने त्याला ओसाकाच्या सूतगिरणीच्या शाळेत न्यायचं ठरवलं, आधी शिक्षण आणि मग तिथेच नोकरी, तेव्हा सगळ्यांची दातखीळ बसली. अट एकच होती. भुजंग विधवेचा एकुलता एक, तेव्हा आईने समक्ष हो म्हटलं तरच साहेब त्याला नेणार होता. त्यासाठी तो स्वतः वालूरला जेवायला आला.

भुजंगच्या आईने, तानुबाईने, भाकरी, वरण आणि ठेचा केला. साहेबाने ताट चाटूनपुसून लख्ख केलं. ताट रिकामं दिसलं की वाढायचं, ही आपली रीत. पाहुण्याने ताटावर आडवा हात धरेपर्यंत वाढणारी थांबत नाही. साहेबाकडची रीत वेगळी, वाढलेलं टाकलं तर घरधनिणीचा अपमान. भुजंगला जिनातल्या खिळ्यामोळ्यांचीही जपानी नावं पाठ होती, पण एवढी गोष्ट साहेबाला आधी सांगून ठेवायचं त्या शहाण्याला सुचलं नव्हतं. आता पाहुण्याला पुरे करा म्हणायची त्याला लाज वाटू लागली. तानुबाई वाढत राहिली आणि साहेब घामाघूम होऊन खात राहिला.

शेवटी भाकरीचं टोपलं रिकामं झालं. तानुबाई पदराला हात पुसत म्हणाली, "न्हाई धाडायची मी तुला. साहेबच एवढा उपाशी, तर त्या मुलखात तुला कोण खाऊ घालील?"

भुजंगने घाईघाईने साहेबाला सारा प्रकार जपानीत सांगितला. साहेब कसनुसं हसला. ताटात अन्न टाकायचं नाही, हे मला माझ्या आईने शिकवलंय, असं तो म्हणाला. भुजंगने ते आईला सांगितलं, तशी ती खुलली.

"आसं व्हय! मग इचार त्येला, माय कशी हाय त्येची?"

साहेब हळू आवाजात बोलला. आई गेल्या हंगामात वारली. तार आली तेव्हा तो मानवतलाच होता, आणि आगबोटीने पोचून तिचं तोंडही दिसलं नसतं, म्हणून गेलाच नाही. भुजंगला शब्दन् शब्द कळला, न कळता तर बरं झालं असतं. हे सांगितलं की आई पाठवणार नाही.

"खुशाल हाय म्हणायलेत," तो म्हणाला.

तानुबाईने साहेबाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग लेकाकडे. साहेबापुढे पाण्याचा तांब्या ठेवून ती खाली बसली. भुजंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लय जायचं हाय तुला. जा," ती म्हणाली. "पर उद्या तिकडं कुणी तुझी माय कशी हाय म्हणून इचारलं, अन् मी नसले, तर आसं खोटं सांगू नको."