माझ्या नळीतला कोशाचा बोळा

मित्रांनो, मी जुना आहे, पण बिघडलेला नाही. कधीच नव्हतो. हे आधी ऐकून घ्या, कारण या इमारतीत तीन वर्षं माझ्याबद्दल उलटंच सांगितलं जात होतं.

मी धूर ओळखणारा डिटेक्टर आहे. छताला पांढऱ्या वाटीसारखे चिकटलेले डिटेक्टर तुम्ही पाहिले असतील. ते माझे भाऊबंद. त्यांच्याकडे लोक निदान मान वर करून बघतात. मी मात्र तुमसरच्या एका चार मजली इमारतीत, तळमजल्यावरच्या साड्यांच्या दुकानात, खोट्या छताच्या वर अंधारात बसलेला असतो. तिथून हवा वाहून नेणारी पत्र्याची मोठी पेटी जाते, तिला डक्ट म्हणतात. मी तिच्या अंगाला चिकटलेला आहे आणि माझी एक भोकाभोकांची नळी तिच्या पोटात गेलेली आहे.

दुकानातली हवा छताच्या जाळीतून या डक्टमध्ये ओढली जाते, गच्चीवरच्या मशीनमध्ये थंड होते आणि मग सगळ्या मजल्यांवर वाटली जाते. जाता जाता थोडी हवा माझ्या नळीत शिरते आणि मी ती तपासतो. धूर आढळला की मी दोन कामं करतो. भोंगा वाजवतो आणि मशीनचा पंखा बंद पाडतो. पंखा चालूच राहिला तर खालचा धूर तोच वर नेऊन पोचवेल. चौथ्या मजल्यावर अभ्यासिका आहे. तिथे साठ मुलंमुली एसीसाठी खिडक्या बंद करून भरतीच्या परीक्षांचा अभ्यास करतात. माझी नोकरी त्यांच्यासाठी आहे.

कारखान्यात मला खरा धूर दाखवला होता. मी ओरडलो, तेव्हाच माझ्यावर शिक्का बसला. इथे आलो तेव्हा इमारतीचे आणि दुकानाचे मालक मधुकरराव पाहुण्यांना शिडीवर चढवून मला दाखवत. "अख्ख्या तुमसरात असा नाई जी!" असं म्हणत. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग आला धूप. मधुकररावांच्या आई कौशल्याबाई दर शुक्रवारी दुकानात धूप घालतात, तोही साधासुधा नाही. नाकाडोंगरीच्या जंगलातला सालईचा डिंक त्या निखाऱ्यावर टाकतात. त्यांची नात मोनिका वरच्या अभ्यासिकेत बसते. एका शुक्रवारी ती खाली येऊन म्हणाली, "आजी, तुया धुपाचा वास वरपावतर येते. लय मस्त वाटते." झालं! पुढच्या शुक्रवारपासून कौशल्याबाई धुपाटणं घेऊन थेट जाळीखाली उभ्या राहू लागल्या. एका जागी धूप घालायचा आणि चारही मजल्यांवरच्या लेकरांना पुण्य मिळायचं, असा त्यांचा हिशेब होता.

मी ओरडलो का? ओरडलोच! देवाचा धूर वेगळा आणि आगीचा धूर वेगळा, असं मला कोणी शिकवलेलं नाही. साठ मुलं जिने उतरून रस्त्यावर आली. गिऱ्हाइकं अर्धवट उलगडलेल्या साड्या टाकून पळाली. दुसऱ्या शुक्रवारी तेच, तिसऱ्या शुक्रवारी तेच. मग मधुकरराव चिडले. आईला दोन पावलं बाजूला उभं राहायला सांगण्याची हिंमत त्यांना झाली नाही. सगळा राग माझ्यावर निघाला.

"अंकुश, हा खोटारडा आहे! याचं तोंड बंद कर!"

अंकुश इमारतीची वायरिंग सांभाळतो. मोठा हुशार माणूस. तारा तोडल्या तर खालचं अलार्मचं पॅनल बोंबलेल, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने दुकानातल्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाची चिंधी घेतली, तिचा घट्ट बोळा केला आणि माझ्या नळीत कोंबला. बोळाही भारी कोशाचा होता, मित्रांनो. माझ्या अपमानात कुठे काटकसर केली नव्हती.

तीन वर्षं मी तशीच काढली. दरवर्षी तपासणीला एक गृहस्थ येत. खिशातून चुंबक काढून माझ्या अंगाला लावत. माझ्या आतली यंत्रणा जागी होऊन लाल दिवा लागे आणि ते कागदावर "ठीक" लिहून चहा प्यायला जात. अहो, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला नाव विचारलं तर तो नाव सांगेलच. म्हणून त्याला दिसतं का? मला संताप यायचा. वर साठ लेकरं बसलेली आणि माझ्या नावापुढे "ठीक"!

गेल्या वर्षी दामिनी आली. अड्याळची मुलगी, तपासणीच्या कामाला नुकतीच लागलेली. तिने चुंबक काढलाच नाही. तपासणीच्या धुराचा डबा काढला, डक्टच्या भोकातून आत धूर सोडला आणि कान देऊन उभी राहिली. मी गप्प. तिने पुन्हा सोडला. मी पुन्हा गप्प. गप्प बसण्याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"चुंबक लावून पाहा न मॅडम," मधुकरराव म्हणाले. "लाल दिवा लागते बरोबर."

"दिवा लागते म्हणजे हा जित्ता आहे, एवढंच. धूर याच्यापावतर येऊन राहिला का, ते पाहाले मी आली." असं म्हणून तिने माझी नळी ओढून काढली. बोळा दिसला. शिडी धरून उभ्या असलेल्या अंकुशने मान खाली घातली.

"मीच घातलो जी," तो पुटपुटला.

मधुकररावांनी हात झटकले. "राहू द्या तो बोळा. सण तोंडावर आहे, धुपानं रोज भोंगा वाजन अन गिऱ्हाईक पळन. तुमी सही नाई केली त मी दुसरा माणूस बलावतो."

माझा जीव टांगणीला लागला. दुसरा माणूस म्हणजे पुन्हा चुंबक. पण दामिनी भांडली नाही. तिने बोळा परत घातला, नळी बसवली आणि गल्ल्याजवळ बसलेल्या कौशल्याबाईंकडे वळली.

"आजी, धूप घाला. अन मोनिकाले फोन लावा. वास आला की सांग म्हणा."

कौशल्याबाई खुशीत उठल्या. धुपाटणं घेऊन जाळीखाली उभ्या राहिल्या आणि स्वतःच मोठ्याने मोजू लागल्या. एकोणीस म्हणाल्या आणि फोनमधून आवाज आला, "आजी, आला वास!"

म्हातारीचा चेहरा फुलला. तेव्हा दामिनी हळूच म्हणाली, "आजी, हे दुकान कापडाचं आहे. उद्या इथं काही पेटलं, त तो धूर बी एकोणीसातच मोनिकापाशी जाईन. अन पंखा थांबवणाऱ्याच्या तोंडात तुमचंच कापड."

 कौशल्याबाईंनी धुपाटणं दाराबाहेर नेऊन ठेवलं आणि परत येऊन म्हणाल्या, "मधू, शिडीवर चढ. तूच काढ तो बोळा."

मधुकरराव चढले. बोळा निघाला आणि तीन वर्षांनी माझ्या नळीत वारा शिरला. दामिनीने पुन्हा धूर सोडला. कौशल्याबाईंनी पुन्हा मोजायला घेतलं. त्या सहा म्हणाल्या आणि मी ओरडलो! तीन वर्षांचं साठलेलं सगळं ओरडलो! वरचा पंखा घरघरत थांबला. साठ मुलं धडाधड जिने उतरली. मोनिका धापा टाकत आजीजवळ आली.

"आजी, काय झालं वो?"

"काई नाई बाई," कौशल्याबाई तिचा हात घट्ट धरून म्हणाल्या. "तू येतं का नाई, ते पाहून राहिली होती."

आता धूप दुकानाच्या दारात घातला जातो आणि पुण्य रस्त्याने जाणाऱ्यांना मिळतं. मी कुणाची माफी मागितलेली नाही, मागणारही नाही. मित्रांनो, तुमच्या शाळेत, तुमच्या इमारतीत माझ्यासारखा कोणी असेल, तर तो ओरडला म्हणून त्याच्यावर रागावू नका. तो वर्षानुवर्षं गप्प असेल, तर मात्र कुणालातरी शिडीवर चढवा.

या वर्षी दामिनीला दुसऱ्या गावी पाठवलं होतं. तपासणीला जुनेच गृहस्थ आले, खिशात हात घालून चुंबक शोधत. गल्ल्याजवळून कौशल्याबाईंचा आवाज आला.

"ते राहू दे बाबा खिशातच. धूर आणला का?"