कांद्याच्या पट्ट्या

आई गेल्यावर वर्ष संपेपर्यंत तिचा विज्ञानाचा वर्ग मुख्याध्यापकांनी मला दिला. दुसऱ्याच दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती, म्हणून पहिला दिवस मी प्रयोगशाळा आवरण्यात घालवला. आईचं कपाट उघडलं आणि कांद्याचा भपकारा आला. वास ओळखीचा होता. रोज संध्याकाळी आईबरोबर तो घरी यायचा. बाबा विचारायचे, "शिकवतेस की खानावळ चालवतेस?" ती नुसती हसायची.

कपाटातल्या बरणीत ओल्या चिंध्या होत्या. थोडा वेळ ती हातात धरून उभी राहिले. मग चिंध्या फेकल्या आणि बरणी लख्ख घासली.

सकाळी परीक्षेला 'सरकार' पुढ्यात हजर; वर्गातल्या पोरांनीच हिला ठेवलेलं नाव. हिला दिसत नाही, पण सगळ्या वर्गावर हुकूम हिचा चालतो.

"बाई, माझ्या पट्ट्या कुठायत? परवाच कांद्यात भिजवल्यात आम्ही."

"त्या? मी... टाकून दिल्या."

"अहो बाई, लिटमसचा रंग मला कुठला कळायला! आम्लात कांद्याचा वास टिकतो, अल्कलीत उडतो. मोठ्या बाईंनीच शिकवलंय. आवरायचं तर घर आवरा हो, प्रयोगशाळा कशाला!"

बाहेरून आलेले परीक्षक मध्ये पडले. "राहू दे बाळ. तुला या प्रयोगातून सूट आहे. तोंडी उत्तर दे, पुरे."

"सूट नको सर, प्रयोग हवाय. सगळे करतात तसा."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "बरं, तुझा नंबर शेवटी."

सरकार वळली. "लंब्या, कँटीनमधून कांदे आण! बाकीच्यांनी चिरायला बसा. बाई, सुती कापड?"

पर्समध्ये सुती रुमाल होता, आईचा. मी तो फाडला.

वर्गभर डोळ्यांतून धारा. "हा कुठला वायू सोडलात?" परीक्षक चष्मा पुसत म्हणाले. माझेही डोळे वाहत होते. कुणी काही विचारलं नाही.

शेवटी सरकारने दोन पट्ट्यांवर थेंब टाकले, त्या पाण्यात खळबळल्या आणि हुंगल्या. "हे आम्ल. हे अल्कली."

परीक्षकांनी गुपचूप परीक्षानळ्या बदलल्या. "आता?"

तिने नव्या पट्ट्यांवर थेंब टाकून पुन्हा हुंगलं. पुन्हा एकदा. "सर, दोन्हीत आम्लच आहे. फसवता होय?"

वर्ग खदखदून हसला. परीक्षकही हसले आणि त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

संध्याकाळी बाबांनी दार उघडलं आणि ते दारातच थबकले. मग हळूच म्हणाले, "शिकवलंस की खानावळ चालवलीस?"

"बसा," मी म्हटलं, "सांगते."